आईचा कागद, पोरीचा कागद

तिकोणा पेठेत सारिकाचं घर गडाच्या अगदी पायथ्याशी. शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची माणसं तिच्या दारावरून गड चढायला जायची, आणि तिची दहा वर्षांची प्रतीक्षा ओट्यावर बसून त्यांचे बूट बघायची. पोरीला आईबापांच्या रक्तातूनच आलेलं दुखणं. महिन्याकाठी ताप चढे, पोट ठणके, गुडघे सुजत; तीन दिवस अंथरूण, चौथ्या दिवशी पोरगी खडखडीत. आजार जन्माचा आहे, पण रोजच्या गोळीनं आटोक्यात राहील, असं सांगून डॉक्टरीणबाई थकल्या. सारिकाच्या गळी काही ते उतरेना. पळू नको, भिजू नको, दमू नको, असा तिचा बाराही महिने धोशा. येत्या शनिवारी शाळेची मुलं गडावर जाणार होती, आणि तिनं चिठ्ठीवर सही करायला साफ नकार दिला होता.

तपासणीला दोघी पुण्याला गेल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघींना प्रश्न छापलेला एकेक कागद दिला. आजारामुळे पोरीचं काय काय अडतं, ते लिहायचं. सारिकानं सवयीनं पोरीचाही कागद ओढला. "तिला काय कळतंय? मीच लिवते."

"तिचा तिला लिहू द्या," बाई म्हणाल्या.

सारिकानं ताप, पोट, गुडघे सगळं भरभरून लिहिलं. मग मान तिरकी करून पोरीचा कागद वाचला. 'खेळायला कशामुळे मिळत नाही?' याच्याखाली प्रतीक्षानं लिहिलं होतं, 'ताप तीन दिवस असतो. आई रोज असते.'

सारिकाला आधी रागच आला. एवढं जिवाचं रान केलं, त्याचं हे फळ? मग डोळे भरून आले. पोरीनं खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

"बाई, गड चढंल का ही?"

"चढेल की. दमली तर बसेल. गोळी तेवढी चुकवू नका."

सारिकानं चिठ्ठीवर सही केली, आणि शनिवारी प्रतीक्षा गडावर गेली. सारिका दिवसभर दारात उभी, गॅसवरची भाजी करपली तरी तिला पत्ता नाही. आणि रविवारी ताप आलाच. 'सांगत हुते ना' हे शब्द सारिकाच्या अगदी ओठांवर आले, ते तिनं गिळले आणि पोरीच्या कपाळावर ओली घडी ठेवली.

"वरनं काय दिसलं गं?"

"पवनेच्या धरणाचं पाणी. आन आपलं घर." तापलेल्या तोंडानं प्रतीक्षा हसली. "तू दारातच हुतीस. मला वाटलं, आता हाक मारशील, माघारी ये म्हणून. पर न्हाई मारलीस."

"न्हाई मारली," सारिका म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.