शंकररावांची वही

रवी कांबळेच्या गाडीत शेजारच्या सीटवर कुणी बसलेलं नसतानाही पट्ट्याचा दिवा लागू लागला, तो २००७ च्या ऑक्टोबरात. टुंग, टुंग, टुंग. माणूस बसलाय, पट्टा बांधा. सीट मात्र रिकामी.

त्या सीटवर पूर्वी त्याचे बाबा बसायचे. नागपूरच्या एसटी वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेले शंकरराव २००५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत, रवीकडे ट्रॉयला आले आणि सहा महिने त्यांनी पट्टा म्हणून बांधला नाही. "मले काय बांधून ठेवता रे? मी काय पळून चाललो?" असं म्हणायचे, आणि गाडी सगळा रस्ता टुंगटुंगत राहायची. जाताना मात्र एक वही ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून गेले. पहिल्याच ओळीत त्या दिवशीचा मीटरचा आकडा, चौदा हजार दोनशे. खाली ठसठशीत अक्षरात: तेल दर पाच हजारांनी. चाकांची अदलाबदल दर दहा हजारांनी. ब्रेक दर पंचवीस हजारांनी उघडून बघणे, चुकवू नये.

पुढच्या वर्षी ते वारले. रवीची व्हिसाची मुदतवाढ अडकली होती. वकील म्हणाला, आता देश सोडलात तर परत येण्याची खात्री नाही. रवी गेला नाही. धाकट्या भावानं तिकडे अंत्यविधीत फोन धरून ठेवला आणि रवीनं किचनमध्ये उभ्या उभ्या त्रिसरण ऐकलं. याची लाज त्याला अजून वाटत होती.

मग त्यानं वही धरली. गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा निघालं नाही. वहीतल्या आकड्याला तेल, वहीतल्या आकड्याला चाकं, एक मैल इकडे नाही की तिकडे नाही. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणारा हा माणूस वहीपुढे आला की डोकं बाहेर काढून ठेवायचा.

"ब्रेक घासतायत रे, ऐकू येत नाही का?" त्याची बायको जागृती म्हणाली. "आजच दाखव."

"एकोणचाळीस हजार दोनशेला दाखवायचेत. अजून सहाशे बाकी आहेत."

"मॅन्युअल तरी बघ ना यार!"

"चौतीस वर्षं बसचे ब्रेक पाहिलेत बाबांनी. मला मॅन्युअल सांगू नकोस."

जागृती डबा भरायला वळली. या विषयावर त्याचा आवाज फाटायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुजाताला शाळेत सोडायला निघाला. सात वर्षांची पोर मागच्या सीटवर होती. रस्त्यावर ओल्या पानांचा खच पडला होता आणि गाडी चांगली वेगात होती. तेवढ्यात सुरू झालं, टुंग, टुंग, टुंग.

"डॅड, हू इज सिटिंग देअर?"

"कोणी नाही, बेटा." पण त्याच्या अंगावर काटा आला होता. पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप सुटला. त्यानं शेजारी पाहिलं. सीटची गादी मधोमध दबलेली होती. गाडी मंदावत गेली. त्यानं मान वर केली तेव्हा समोर पिवळी स्कूल बस थांबलेली, लाल दिवे लागलेले, मुलं रस्ता ओलांडत होती.

त्यानं ब्रेक दाबला. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला आणि गाडी थांबेचना. अखेर थांबली ती बसपासून हातभर अंतरावर. वेग आधीच उतरला नसता तर काय झालं असतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. टुंगटुंग बंद झाली होती.

गॅरेजमधला म्हातारा मेकॅनिक रोज पूल ओलांडून कॅनडातल्या विंडसरहून कामाला यायचा. त्यानं ब्रेकचा पॅड काढून दाखवला. नुसता पत्रा उरला होता. "पंचवीस हजारांनी बघ असं कोणी सांगितलं तुला?"

रवीनं वही पुढे केली, वाचून दाखवली.

"वडील कुठले तुझे?"

"इंडियातले."

"मग हे किलोमीटर आहेत, बाबा! आमच्याकडेही असंच लिहितात. म्हणजे तुझ्या मीटरवर साडेपंधरा हजार मैल. तू नऊ हजार मैल उशिरा आलास."

रवी वही हातात धरून खालीच बसला. बाबांचं काही चुकलं नव्हतं. आपण त्यांचं ऐकतोय असं तो इतके दिवस समजत होता, आणि ऐकत मात्र नव्हता.

"तो सीटचा सेन्सर पण बिघडलाय," तो कसंबसं म्हणाला.

मेकॅनिक त्या सीटवर बसला, उठला, पुन्हा बसला. "ठणठणीत आहे. वजन पडल्याशिवाय दिवा लागत नाही."

नवे पॅड बसले आणि त्यानंतर दिवा लागला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. जागृतीनं सुटकेचा निःश्वास टाकला. रवी मात्र प्रत्येक सिग्नलला कान देऊन बसायचा.

एका सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर त्यानं इंजिन बंद केलं नाही. शेजारच्या सीटवर तळवा ठेवला आणि जोर दिला. दिवा लागला. टुंग, टुंग, टुंग. हात उचलला तर सगळं शांत.

त्यानं पुन्हा हात ठेवला. "बाबा, पट्टा बांधा ना," तो म्हणाला, आणि दंड भरून येईपर्यंत सगळा भार टाकून ती सीट दाबून बसून राहिला.