उत्तम अंगण, प्रथम क्रमांक

"मागे आवाज येतोय का?" अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारलं.

"येतोय, पण तुमचा नाही, पंख्याचा!" मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

सभागृह हसलं. भिंतीलगत आपल्या अँप्लिफायरपाशी बसलेल्या माईकवाल्यांनी एक बटण किंचित फिरवलं. कुईं करून शिट्टी वाजली, थांबली, आणि अध्यक्षबाईंचा आवाज एकदम मोठा आणि जवळचा झाला. पंखा कोणीतरी बंद केला.

गावसमितीची सभा असो, शाळेच्या शर्यती असोत, कोणाचं लग्न असो की कोणाची शोकसभा, माईक त्यांचाच. त्यामुळे त्यांचं खरं नाव मतदारयादीत असेल तेवढंच. गावात कोणीही काहीही बोललं तरी ते आधी त्यांच्या तारेतून जायचं. स्वतः मात्र ते "हॅलो, हॅलो, चेक" याच्यापुढे कधी बोलले नव्हते. बायको म्हणायची, "गावाला आवाज पुरवता आणि घरात आलात की बॅटरी डाऊन!"

ती जाऊन अजून महिना झाला नव्हता. आज येऊ नका, शेजारच्या गावाहून दुसरा माईकवाला बोलावतो, असं समितीच्या सचिवांनी सांगून पाहिलं होतं. माईकवाले म्हणाले, "त्याचे स्पीकर घरघरतात." आणि नेहमीप्रमाणे हातगाडीवर सामान लादून आले.

अध्यक्षबाई बातम्या सांगत होत्या. पाण्याची टाकी धुवायची आहे, त्यामुळे शुक्रवारी पाणी नाही. बस थांब्याच्या छपराचं काम एकदाचं मंजूर झालं, आता त्यावर पोस्टर चिकटवणाऱ्याचे हात तोडू (हशा). वाचनालय रविवारीही उघडं राहील. मुलींचा फुटबॉल संघ हरला, पण इज्जतीत हरला. माईकवाले ऐकत होते आणि ऐकत नव्हते. त्यांचं लक्ष फक्त आवाजाच्या लाल काट्याकडे होतं. तो थरथरत वर जायचा, खाली यायचा. त्याच्याकडे बघत बसलं की बरं वाटायचं. म्हणजे बरं असं नाही, पण काही वाटायचं नाही.

"आता अंगण स्पर्धेचा निकाल," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि थोड्या अडखळल्या. "परीक्षण झालं तेव्हा आपल्या माईकवाल्या वहिनी होत्या. आम्ही फाटक उघडायच्या आत त्यांनी बजावलं होतं, बघायचं ते डोळ्यांनी बघा, हातांनी नाही. प्रथम क्रमांक त्यांचाच. तो दुसऱ्या कोणाला देणं शक्यच नव्हतं."

लोक उभे राहिले. टाळ्या वाजू लागल्या. माईकवाले उठून पुढे गेले. हातात एक भिंतीवरचं घड्याळ आणि 'उत्तम अंगण' असं लिहिलेली पत्र्याची पाटी आली. तेवढ्यात टाळ्यांचा आवाज माईकमध्ये शिरून स्पीकर भणभणू लागला, तेव्हा ते घड्याळ काखेत धरून लगबगीने परत आले आणि त्यांनी आवाज कमी केला. समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. आपल्यालाही रडू यायला हवं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. ते आलं नाही. पाटीच्या कडा धारदार आहेत, एवढंच जाणवलं.

पुढचा विषय गल्लीचा होता. अध्यक्षबाईंनी सचिवांकडे रागाने पाहिलं.

"हा विषय आज नको, असं मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण रस्त्याचं काम याच हंगामात झालं नाही तर पुढे कधी होईल सांगता येत नाही. गल्ली कोपऱ्यावर अरुंद आहे. मोठी गाडी वळत नाही. वळण मोठं करायचं तर कोपऱ्यावरचं अंगण घ्यावं लागतं. आणि ते अंगण..."

त्यांना पुढे बोलवेना. गल्लीच्या कोपऱ्यावर एकच घर होतं, आणि त्या घराची पाटी आत्ता माईकवाल्यांच्या मांडीवर होती.

गवंडी उठला. माईकवाल्यांच्याच गल्लीत राहायचा, आतल्या बाजूला. आवाज असा की त्याला माईक लागायचाच नाही.

"शरम वाटते का कोणाला?" तो गरजला. "एका हाताने बक्षीस देता आणि दुसऱ्या हाताने बाग उपटता? त्या माउलीने दगडगोटे वेचून ती जमीन केलीय! मी बघितलंय. भर उन्हात डोक्याला फडकं बांधून बसायची. आमच्या गल्लीला रस्ता नको. आम्ही इतकी वर्षं चालत आलो, पुढेही चालू. हात वर करा, कोणाकोणाला रस्ता नको!"

हात भराभर वर झाले. गल्लीतल्या लोकांचे तर दोन-दोन. अध्यक्षबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि तो स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू आला.

"मग हा विषय आपण इथेच..."

"मला बोलायचंय," माईकवाले म्हणाले.

कोणाला नीट ऐकू गेलं नाही. ते उठले आणि माईकपाशी जाऊन उभे राहिले. अध्यक्षबाई बाजूला झाल्या. माईकवाल्यांनी सवयीने माईकवर बोटाने टकटक केलं.

"त्या दिवशी हिच्या छातीत दुखायला लागलं," ते म्हणाले. आवाज टाकी धुण्याची सूचना द्यावी तसा सपाट होता. "फोन केल्यावर दवाखान्याची गाडी लगेच आली. पण कोपऱ्यावर अडली. वळेना. ड्रायव्हर चांगला होता. म्हणाला, काका, कुंपण मोडून घालतो आत. मी म्हटलं, घाल. ही दारात खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, अजिबात नको, मोगऱ्यावरून चाक जाईल. मी येते चालत. मी म्हटलं, अगं, चालायचं नसतं. म्हणाली, इथून तिथे तर जायचंय. आणि उठली."

त्यांनी माईक थोडा खाली केला.

"चालली. मध्ये एकदा थांबून एक वाळलेलं पान खुडलं. गाडीपर्यंत गेली, पायरी चढली. गाडीतच संपलं सगळं. तुम्ही म्हणता तिची बाग आहे. आहेच. पण आता हे गवंडी आहेत, त्यांची आई आहे, अंथरुणाला खिळलेली. तिला कसं चालता येईल? रस्ता घ्या. माझी हरकत नाही."

ते परत आपल्या जागेवर येऊन बसले. गवंड्याचा हात अजून वरच होता. त्याच्या बायकोने तो खाली ओढला.

बातमी माईकवाल्यांच्या मुलीपर्यंत सकाळच्या आत पोचली. ती दूरच्या शहरात नोकरीला होती. आईचं सगळं आटोपून नुकतीच परत गेली होती.

"बाबा, मला लोकांकडून कळतं?" ती फोनवर म्हणाली. "आई चालत गेली, हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं त्यात?"

"डॉक्टरांनी विचारलं होतं ना, पेशंट हालचाल करत होता का म्हणून?"

"विचारलं असेल. मला आठवत नाही."

"तुम्ही अडवायचं तरी तिला!"

"तुझ्या आईला?"

पलीकडे मुलगी फिसकन हसली, आणि मग तो आवाज हळूहळू हसण्याचा राहिला नाही. माईकवाले फोन कानाला धरून उभे राहिले. गॅसवर चहा उतू जात होता. तो उतू जाऊन बर्नर विझेपर्यंत ते त्याच्याकडे बघत होते.

"इकडे या राहायला," मुलगी शेवटी नाक ओढत म्हणाली.

"बघू. शनिवारी शाळेच्या शर्यती आहेत."

रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी गाव जमलं. झाडं वाया जाऊ द्यायची नाहीत, ज्याला जे हवं ते त्याने मुळासकट न्यावं, असं समितीने ठरवलं होतं. लोक कुदळी, घमेली, जुने डबे घेऊन आले. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. माईकवाले पायरीवर बसून विचारेल त्याला "न्या" म्हणत होते.

"काका, गुलाबाला खत कोणतं घालायच्या वहिनी?"

"काय की. डब्यात काहीतरी भिजवून ठेवायची. वास यायचा."

"आणि या वेलाचं नाव काय?"

"ती याला पाहुणा म्हणायची. कुठून आला माहीत नाही, म्हणून."

सगळे प्रश्न असेच अर्धवट राहिले. इतकी वर्षं त्या झाडांमधून ये-जा करून आपल्याला एकाही झाडाची धड माहिती नाही, याचं त्यांना नवल वाटलं, पण दुरून, दुसऱ्याच कोणाबद्दल वाटावं तसं. पाहुणा वेल शाळेच्या बाईंनी नेला. तो जाताना त्याच्या मुळांना इतकी माती लागून आली की बाई आणि वेल दोघंही वाकले.

सभेनंतर गवंडी माईकवाल्यांशी बोलला नव्हता. रागाने नव्हे, त्याला नजरेला नजर देता येत नव्हती. आता तो कुंपण काढत होता. उचकटून फेकत नव्हता, एकेक खिळा उपसून फळ्या एकावर एक रचत होता. शेवटी मोगऱ्यापाशी आला आणि बसला.

"हा मी नेऊ का?" त्याने खाली मान घालून विचारलं. "आईच्या खिडकीपाशी लावतो. म्हणजे... तुम्हाला ठेवायचा नसेल तर."

"ने. मुळं खोल आहेत. सावकाश काढ."

गवंड्याने कुदळ बाजूला ठेवली आणि हाताने माती उकरायला घेतली. बराच वेळ उकरत राहिला. मध्येच त्याची पाठ हलू लागली. माईकवाले पायरीवरून उठले, त्याच्याजवळ जाऊन उकिडवे बसले आणि दुसऱ्या बाजूने माती काढू लागले. दोघांच्याही नखांत माती गेली. मुळं निघाली तेव्हा गवंडी म्हणाला, "जगेल ना?"

"तिला विचारायला हवं होतं," माईकवाले म्हणाले.

संध्याकाळपर्यंत जमीन मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी यंत्र आलं, मग खडी, मग डांबर. घराची पायरी आता थेट रस्त्यावर उतरत होती. पाऊस झाला की गाड्यांच्या चाकांनी भिंतीवर चिखल उडायचा. माईकवाले तो कधी पुसायचे, कधी नाही. सभा होत होत्या. टाकी धुऊन झाली, बस थांब्याला छप्पर आलं, त्यावर पोस्टरही लागलं. मुली एक सामना जिंकल्या, तेव्हा त्यांच्या मिरवणुकीपुढे स्पीकर घेऊन माईकवाले चालले. कोणी विचारलं, काका, कसं चाललंय, तर म्हणायचे, चाललंय.

एका दुपारी ते पायरीवर बसून तुटलेली वायर जोडत होते. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो येऊन थांबला. मागे दोरीने आवळलेलं नवं कोरं लाकडी कपाट होतं. गल्लीतल्या कोणाकडे तरी चाललेलं. ड्रायव्हर परगावचा होता. त्याने मान बाहेर काढून आधी वळणाकडे आणि मग घराच्या भिंतीकडे साशंक नजरेने पाहिलं.

"काका, गाडी उलटी घालायचीय. बसेल का?"

माईकवाल्यांनी वायर खाली ठेवली. ते उठले, टेम्पोच्या मागे गेले आणि नव्या डांबरावर मधोमध उभे राहिले.

"बसते," ते म्हणाले. "घाल."

टेम्पो मागे सरकू लागला. माईकवाले त्याच्याबरोबर मागे मागे पावलं टाकत गेले, एक हात वर धरून, बोटं आपल्याकडे हलवत. चाक भिंतीच्या बाजूला आलं तेव्हा त्यांनी हात थोडा डावीकडे केला.

"येऊ दे," ते म्हणत होते. "येऊ दे... येऊ दे... भरपूर जागा आहे. येऊ दे."