तीस किलोचे चार वाटे

श्रीहरीने जन्मात कधी अंडं फोडलेलं नव्हतं, आणि तरी त्या शनिवारी सकाळी तीस किलो बीफ त्याच्याच नावाने दारात येऊन उभं राहिलं. पांढऱ्या थर्मोकोलचे तीन खोके, प्रत्येकावर जपानी अक्षरांत 'श्रीहरी-सामा'. आणणारा पोऱ्या कमरेत वाकून वाकून आभार मानत होता. सुप्रभाने सही केली आणि खोके पायाने ढकलत आत घेतले. श्रीहरी हातात दात घासायचा ब्रश घेऊन बाथरूमच्या दारात थिजला होता.

"हे इथे कसं आलं?"

"तू मागवलंस म्हणून," सुप्रभा म्हणाली.

त्यात खोटं काही नव्हतं. श्रीहरी तोयोसुतल्या कंपनीत प्रोग्राम लिहायचा, आणि तीन वर्षांपूर्वी त्याने थोडे बिटकॉईन घेऊन ठेवले होते. तेव्हापासून जो भेटेल त्याला तो त्यांचं माहात्म्य सांगत असे. शेजारच्या इमारतीतला रणजित त्याला म्हणे, "श्री, तुझं कॉईन म्हणजे सासऱ्याची जमीन. सांगायला आहे, विकायला नाही. त्याची एक जुडी कोथिंबीर तरी येते का?" कोथिंबीर येत नव्हती, हे श्रीहरीच्या जिव्हारी लागलेलं होतं.

मग रणजितला उत्तरेकडच्या इवातेत, डोंगरात गुरं पाळणारे म्हातारे किकुची-सान सापडले. भूकंपात अणुभट्टी फुटली तेव्हापासून किरणोत्साराच्या भीतीने उत्तरेकडचं मांस घ्यायला लोक कचरू लागले होते. तपासणीत सगळं चोख निघालं तरी दलाल भाव पाडून मागायचे, म्हणून म्हाताऱ्याच्या जावयाने इंटरनेटवर पान उघडून थेट विक्री सुरू केली होती. एकदम तीस किलो घ्यावं लागे. पैसे बिटकॉईनमध्ये दिले तर सूट. रणजितने हे वाचून दाखवलं तेव्हा श्रीहरीचा चेहरा असा उजळला, की त्या तीस किलोंत काय आहे हे त्याने ऐकलं की नाही याची सुप्रभाला शंकाच आली. त्याने तिथल्या तिथे फोन काढला, पैसे पाठवले आणि नाव-पत्त्याच्या जागी सवयीने स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता भरला. प्रोग्रामरला रिकामा चौकोन दिसला की हात थांबत नाही.

घेणारे तिघे होते. एक रणजित. दुसरा गुणवंत, नांदेडचा, विद्यापीठात पोस्टडॉक करणारा सडाफटिंग. तिसऱ्या इशिदा-सान, खालच्या मजल्यावरच्या. त्यांचं माहेर उत्तरेतलं, म्हणून तिकडचा शेतकरी जगला पाहिजे असं त्यांचं म्हणणं. तिघे श्रीहरीला येन देणार होते आणि आपापलं मांस घेऊन जाणार होते. श्रीहरीचा संबंध फक्त कॉईनपुरता.

सुप्रभाचा संबंध किती, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

ती पाटणकडची, मटण खाणाऱ्या घरातली. लग्न तिने आपल्या पसंतीने केलं, पुण्याच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात. सासूबाईंनी काही म्हणायच्या आत तिने स्वतःच जाहीर केलं, "मी सोडलं." तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि प्रेमात होती. त्या वयात माणूस काय वाटेल ते सोडतो. श्रीहरी ही गोष्ट आजही चारचौघांत कौतुकाने सांगे: "मी एका शब्दाने म्हटलं नाही हं. तिने आपणहून सोडलं." सुप्रभा शेजारी बसून हसे. हसता हसता तिला रश्श्यावरचा लाल तवंग दिसे.

हिगाशी-कसाईत आल्यावर ती दर बुधवारी रणजितची बायको दीप्ती हिच्याकडे 'जपानी शिकायला' जाऊ लागली. दीप्तीला जपानी तिच्याइतकंच येत होतं. पण ती शिन-ओकुबोच्या बाजारातून बोकडाचं मटण आणून छान शिजवायची. जेवण झालं की सुप्रभा दात घासायची, वेलदोडा चघळायची, केस झटकायची आणि घरी येऊन भेंडी चिरायची. दोन वर्षं हे चाललं होतं. पोट भरत होतं, पण मन भरत नव्हतं. लपून खाल्लेल्या घासाला चव असते, पण तो आपल्या ताटातला नसतो. तिला आपल्या घरात, आपल्या टेबलावर, श्रीहरीच्या समोर बसून जेवायचं होतं. हे त्याला सांगायचं कसं, एवढंच तिला सुचत नव्हतं. एकदा सांगितलं की त्याची ती कौतुकाची गोष्ट मोडणार, आणि त्या गोष्टीवर त्याचा फार जीव होता.

दहा वाजता मंडळी जमली. रणजित शेगडीएवढा नवा फ्रीझर घेऊन ठेवल्याची बढाई मारत आला, गुणवंत पाठीवर सॅक लावून, आणि इशिदा-सान घडी केलेलं स्वच्छ फडकं घेऊन. श्रीहरीने दोन्ही खिडक्या उघडल्या होत्या आणि देव्हाऱ्यावर टॉवेल टाकला होता.

"हिगाशी-कसाईत राहून शाकाहारी राहायचं," रणजित म्हणाला. हा विनोद तो वर्षातून चारदा करायचा.

खोके उघडले आणि भांडण लागलं. किकुची-सानांनी सगळं भाग पाडून, वेगवेगळ्या पिशव्यांत हवा काढून भरलं होतं: पाठीचं, मांडीचं, मानेचं, नळ्या, चरबी, काळजाचं एक पाकीट. रणजितने आधीच पाठीच्या दोन पिशव्या काखेत घेतल्या होत्या.

"ए, ते सगळ्यात महागाचं आहे!" गुणवंत म्हणाला.

"मी शेतकरी शोधला."

"मग त्याला घरी घेऊन जा. मांस मोजून घे." गुणवंतने लॅपटॉप उघडला. "प्रत्येक भागाला बाजारभावाचा गुणांक देऊ आणि मग वजन—"

"तुझा गुणांक होईपर्यंत हे सडेल."

इशिदा-सान दोघांकडे पाळीपाळीने पाहत होत्या आणि मला काहीही चालेल, काहीही चालेल, असं म्हणत होत्या. जपानी माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय हवंय हे त्याने ठरवलेलं असतं. त्यांची नजर पाठीच्या पिशव्यांवरच होती.

श्रीहरी हताश होऊन म्हणाला, "कॉईन परत येत नाही रे. एकदा गेलं की गेलं. तुम्ही कसंही करा, पण बारापर्यंत हे घरातून हलवा."

तेव्हा सुप्रभा उठली. तिने कपाटातून साकुराच्या बहरात झाडाखाली बसायची निळी ताडपत्री काढली, हॉलभर पसरली, ओढणी कमरेला खोचली.

"रणजित भाऊजी, काखेतलं खाली ठेवा. वाटे घालू."

"आयला," रणजितचा चेहरा एकदम दहा वर्षांचा झाला. "वाटे! वहिनी, तुमच्यातही घालायचे?"

"आखाडात चार घरं मिळून बोकड घ्यायची. वाटे माझे आजोबा घालायचे, आणि आजोबांनंतर मी."

ती मांडी घालून बसली आणि तिने सुरी घेतली. पाठीचं थोडं या ढिगात, थोडं त्या ढिगात. मांडीचं सगळीकडे. नळी फुटली तर अर्धी इकडे अर्धी तिकडे. काळजाच्या फोडी, चरबीचा एकेक गोळा. मग मागे सरकून, डोळे बारीक करून पाहायची, आणि एखादा तुकडा उचलून शेजारी टाकायची. तिचे हात इतक्या सरावाने चालले होते की श्रीहरी खिडकी सोडून दोन पावलं पुढे आला. बारा वर्षांच्या संसारात त्याने या हातांना पोळ्या लाटताना पाहिलं होतं, हिशेब करताना पाहिलं होतं. हे त्याला अनोळखी होतं.

गुणवंतने मोजलं. "वहिनी, चार झाले. आपण तिघे आहोत."

"चारच घातलेत."

"पण मग प्रत्येकी—"

"साडेसात किलो. पैसेही तेवढ्याचेच द्या. तुमच्या फ्रीजात दहा मावणार होते का, भाऊजी?"

गुणवंतच्या फ्रीजात एक आइस्क्रीम आडवं मावत नव्हतं. त्याने लॅपटॉप मिटला. रणजितने एकदा चौथ्या ढिगाकडे पाहिलं, एकदा सुप्रभाकडे, आणि भिंतीवरच्या कचरा उचलण्याच्या वेळापत्रकात एकाएकी लक्ष घातलं.

"आता पाठमोरं कुणीतरी हवं," सुप्रभा म्हणाली. "मी वाट्यावर बोट ठेवणार, त्याने न बघता नाव घ्यायचं. नाव निघालं की वाटा त्याचा, तक्रार नाही. ज्याला यातलं काही खायचं नाही असा माणूस बरा. श्री, भिंतीकडे तोंड कर."

कॉईनपुरता संबंध असलेला माणूस निमूटपणे भिंतीकडे वळला.

"हा कुणाचा?"

"गुणवंतचा."

"हा?"

"इशिदा-सान."

इशिदा-सानांना रीत कळली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. "कोहेई देस ने!" म्हणजे, अगदी न्यायाचं झालं. त्यांच्या ढिगात पाठीचा मोठा तुकडा होता, हेही त्यांनी पाहून घेतलं होतं.

"हा कुणाचा?"

"रणजितचा. झालं, वळू?"

"थांब. एक राहिलाय." सुप्रभाचा आवाज थोडा बदलला. तिने चौथ्या ढिगावर बोट ठेवलं. "हा कुणाचा?"

श्रीहरी भिंतीकडे पाहत राहिला. तिन्ही नावं संपली होती. त्याने बोटांवर पुन्हा एकदा मोजलं, आणि ती बोटं तशीच राहिली. खाली पार्किंगमध्ये एक गाडी 'मागे सरकत आहे, सावध राहा' असं बाईच्या आवाजात सांगत होती.

सुप्रभाला वाटलं, आपण चुकलो. चारचौघांत करायला नको होतं. तो हसून उडवील, देवाचा म्हणेल, किकुची-सानांचा म्हणेल, आणि मग आयुष्यभर बुधवार.

"आवडायचं तुला?" तो न वळता म्हणाला. "अजून?"

"हो."

"मला वाटलं, सुटलं असेल."

"नाही सुटलं. हे मोठ्याचं आहे, हे मीही कधी खाल्लं नाही. खाताना बेंदराचे बैल डोळ्यांपुढे आले तर तेही येतील. पण वाटा मला पाहिजे, श्री. आपल्या घरात."

"मग मी लोकांना सांगत फिरतो ते?"

"ते खरंच आहे. मी आपणहून सोडलं. आता आपणहून धरते."

रणजितला कचऱ्याचं वेळापत्रक पाठ झालं असावं. "श्री, लेका, नाव घे की," तो पुटपुटला. "पाय दुखले."

श्रीहरीने घसा साफ केला, आणि शाळेत हजेरी घेतात तसं मोठ्याने म्हणाला, "सुप्रभा."

बारा वाजायच्या आत तिघे आपापले वाटे घेऊन गेले. दीप्तीला कळवतो असं रणजितने दारातून दोनदा सांगितलं. सुप्रभाने ताडपत्री धुतली. श्रीहरीने फ्रीझरचा खालचा कप्पा रिकामा केला, त्यातले मटार आणि खोवलेला नारळ वर चढवला, आणि सुप्रभा पिशव्या ठेवेपर्यंत दुसरीकडे बघत कप्पा धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर दोन ताटं होती. एकात आमटी-भात, दुसऱ्यात कांदा-लसूण मसाल्याचा लालभडक रस्सा. सुप्रभाने पहिला घास घेतला, थांबली, आणि तिला हसू आलं.

"काय झालं?"

"माहेरच्या मटणाशी दातांनी भांडावं लागायचं. हे तोंडात घातलं की माफीच मागतं."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"नळी बरी आहे." तिने नळी ताटाच्या कडेवर ठोकली, मग पुन्हा ठोकली.

श्रीहरी पहिल्या ठोक्याला दचकला. दुसऱ्याला त्याने खिडकी उघडायला अर्धवट उठून पाहिलं, मग पुन्हा बसला आणि आमटी वाढून घेतली.

"जोरात ठोक," तो म्हणाला. "अशाने काय निघणार आहे?"