हाताच्या मापाची पट्टी

मी शिंप्याच्या दुकानातली लाकडी पट्टी बोलतेय. अंगावरचे आकडे निम्मे पुसलेत, पण कान शाबूत आहेत. गल्लीत कुणाची कंबर किती वाढली, हे मला घरच्यांच्या आधी कळायचं. मी मात्र कधी कुणाजवळ बोलले नाही.

एकदा टेबलावरून पडले आणि टोकाला चिरले. मालक मला टाकून देणार, तेवढ्यात त्यांची लेक म्हणाली, "बाबा, द्या मला. समुद्रावर न्यायचीय."

"समुद्राला काय झगा शिवणारेस?"

लेकीचं कामच तसं. एका कंपनीला समुद्रात तेलाची विहीर खणायची होती. त्याआधी तिथे किती पक्षी पोट भरायला येतात, ते बोटीतून मोजायचं. पुष्कळ असले तर विहीर दुसरीकडे. पण बोटीपासून तीनशे मीटरच्या आतलेच पक्षी धरायचे, आणि पाण्यावर कुणी खुंट्या थोड्याच रोवल्यात? म्हणून तिने मला हात ताठ करून डोळ्यांसमोर धरलं, वरची कड क्षितिजाला लावली आणि गणित करून माझ्या अंगावर एक खाच पाडली. खाचेच्या अलीकडचा पक्षी मोजायचा, पलीकडचा सोडायचा. थोडं दुखलं. पण टाकाऊ जिवाला काम मिळालं, याहून काय हवं?

चौथ्या दिवशी तिला बोट लागली. उलट्यांनी बेजार झाली. तिचा जोडीदार ताडमाड उंच, सगळे त्याला शिडीच म्हणत. "ताई, तू पड जरा, मी बघतो," म्हणाला आणि दोन दिवस मला घेऊन उन्हात उभा राहिला. पक्षीही भरपूर निघाले. लेक खूश, पक्ष्यांची जागा वाचणार म्हणून.

घरी जेवताना तिने हे सांगितलं, तर मालकांचा घास हातातच राहिला.

"खाच तुझ्या हाताच्या मापाची. त्याचा हात केवढा?"

"चार बोटं लांब असेल..." बोलता बोलता तिने ताट सारलं आणि मला उचललं.

लांब हातात मी डोळ्यांपासून दूर गेले, तशी खाचेची रेघ समुद्रात पुढे सरकली. बाहेरचे पक्षीही आत धरले गेले.

"एकाचा शर्ट दुसऱ्याला चढवलात की गं," मालक म्हणाले.

आकडे तसेच ठेवले तर विहीर हटणार. खोडले तर काय होईल, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तिने शिडीला हे सांगितलं, तर तो हळूच म्हणाला, "ताई, कुणाला कळणारे?"

"हिला कळलंय की," म्हणत तिने मला वर धरलं. एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

विहिरीची जागा ठरवायच्या बैठकीत तिने ते दोन दिवस खोडलेले दाखवले, कारणही सांगितलं. तेल कंपनीचे साहेब चष्मा काढून बघत राहिले. "आपल्याच फायद्याचे आकडे खोडणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. बाकीच्या आकड्यांवर मी वाद घालणार नाही. हे दोन दिवस पुन्हा मोजा."

पुन्हा मोजले. पक्षी कमी भरले, पण पुरेसे भरले. विहीर दूर सरकली.

आता मी दुकानात आरशाशेजारी खिळ्याला असते. शेजारी शिडीची वेगळी पट्टी लटकलीय, मालकांनीच बेतून दिलेली. मालकांचे, लेकीचे आणि त्या चुकलेल्या शिडीचेही माझ्यावर उपकार आहेत. नाहीतर चिरलेल्या पट्टीला समुद्र कोण दाखवतं?

कधी मला उचलायची वेळ आली, तर एवढंच करा. आधी आपला हात मोजा.