दाढी असलेली व्यक्ती

एकेचाळीस वर्षं मी समरकंदमध्ये लोकांच्या डोक्यावर कात्री चालवली. आणि इथे अमेरिकेत, क्वीन्समध्ये, मला विचारतात, तुम्हाला दाढी करता येते याला पुरावा काय? आता याला काय उत्तर देणार, तुम्हीच सांगा!

तर झालं असं. आम्नून, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, त्याच्या सलूनमध्ये तिसरी खुर्ची माझी. मार्चमध्ये सरकारी तपासनीस आला. त्याने भिंतीवरची लायसन्स मोजली, माणसं मोजली, आणि एक माणूस जास्त भरला. तो मी. आम्नूनने मला कोपऱ्यात घेतलं. "हिस्किया, मे संपायच्या आत लायसन्स आण. नाहीतर खुर्ची सोड. ताश्कंदचा एक जण लायसन्स घेऊन तयार बसलाय. माझं दुकान बंद पडलं तर काय तू उघडून देणार आहेस?"

वय अठ्ठावन्न, इंग्रजी येतं ते 'हॅलो' आणि 'नेक्स्ट' एवढंच. ही खुर्ची गेली तर दुसरीकडे मला दारात तरी कोण उभं करणार?

माझी मुलगी इस्ताम कागद वाचायला बसली आणि माझं डोकं गरगरायला लागलं. डॉक्टरचा दाखला हवा. जंतूंवरचा एक वर्ग हवा. पूर्वी काम केल्याचं जुन्या मालकाचं पत्र हवं.

"माझा मालक सोव्हिएत सरकार होतं," मी म्हणालो. "त्याला कुठे शोधू?"

"पापा, चिडू नका ना."

"मी चिडत नाहीये, मला कळत नाहीये!"

शेवटी समरकंदला माझ्याच खुर्चीत लहानाचे मोठे झालेल्या, आता इथेच राहणाऱ्या तिघांनी लिहून दिलं की हा माणूस न्हावी आहे. जंतूंच्या वर्गात मला काही समजलं नाही, पण हजेरी लागली. उरली हाताची परीक्षा. तिथे आपलं गिऱ्हाईक आपणच न्यायचं, त्याला ते 'मॉडेल' म्हणतात. त्याचे केस कापायचे आणि दाढी करायची, तीही वस्तऱ्याच्या बरोब्बर चौदा फटकाऱ्यांत. चौदा! एकेचाळीस वर्षांत मी फटकारे मोजले नव्हते. मग रोज सकाळी पावाच्या लादीला फेस लावून मोजायला लागलो. बायको, बुलोर, म्हणाली, "अहो, तो पाव खायचाय आपल्याला."

तारीख मिळाली मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारची. मी खूश. का, तर त्या सुमारास आमच्या गल्लीत जो तो दाढी वाढवून फिरत होता. मॉडेलच्या गालावर निदान पाच दिवसांची वाढ हवी, अशी अट होती. मनात म्हटलं, देवच पावला! शेजारच्या निसोनला मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याची दाढी तर शेळीला चरायला पुरेल एवढी झाली होती.

बुधवारी दुपारी त्याला आठवण करून द्यायला गेलो. "उद्या आठ वाजता, निसोन."

"कशाला?"

"अरे, दाढी करायला."

त्याने दाढीवर हात ठेवला. "वेडा झालास का? मोजणीचे दिवस चाललेत."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पेसाखच्या सणापासून आम्ही यहुदी लोक दिवस मोजतो, आणि त्यातले महिनाभर पुरुष केसांना कात्री लावत नाहीत की गालाला वस्तरा. लोकांच्या दाढ्या म्हणूनच वाढल्या होत्या! आणि हे मला, न्हाव्याला, कळू नये? मी स्वतः पंधरा दिवस दुकानात माशा मारत बसलो होतो. माझ्या स्वतःच्या गालावर खुंट होते. रिकामी खुर्ची रोज बघत होतो, दाढ्या रोज बघत होतो, आणि दोन्ही गोष्टी डोक्यात एकत्र आल्याच नाहीत. फटकारे मोजता मोजता दिवस मोजायचे राहिले.

धावत आमच्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेलो. ते म्हणाले, "पोटापाण्याचं काम आहे, तू कापलेस तर चालेल. पण आपल्यातला पुरुष कापून घेणार नाही. दुसरा कुणी बघ."

दुसरा कोण? नान भाजणाऱ्या उलुगबेकला विचारलं, तो मुसलमान, त्याला बंदी नाही; तर त्याने सकाळीच दाढी गुळगुळीत करून घेतली होती. "काल यायचं होतंस की, उस्तो!" म्हणाला. उस्तो म्हणजे उस्ताद. वरच्या मजल्यावरचा मेक्सिकन लगेच तयार झाला, पण त्याच्या अख्ख्या गालावर मोजून चार केस. परीक्षा पुढे ढकलावी तर पुढची तारीख जुलैची. जुलैपर्यंत ताश्कंदवाला माझ्या खुर्चीत पाय पसरून बसला असता.

घरी येऊन मी टेबलावर डोकं ठेवलं. कोपऱ्यात सासूबाई तांदूळ निवडत होत्या. फ्रेखा नाव त्यांचं, वय एक्याऐंशी. त्यांचे यजमान गणिताचे मास्तर होते, आणि एकुलत्या एका लेकीने न्हाव्याशी लग्न केलं हे त्यांनी तेहतीस वर्षांत मला माफ केलं नव्हतं. माझं नाव म्हणून कधी घेतलं नाही. "बुलोर, तुझ्या न्हाव्याला जेवायला वाढ," असं चालायचं. मी हात तीनदा धुतले तरी माझ्या हातचा चहा त्यांना नको असायचा. का, विचारलं तर म्हणायच्या, केस लागतो घशाला.

"काय झालं याला?" त्यांनी विचारलं. इस्तामने सगळं सांगितलं.

"वाच तो कागद," सासूबाई म्हणाल्या. "त्यात पुरुषच हवा असं लिहिलंय?"

इस्तामने वाचलं. "अठरा वर्षांवरील, गालावर किंवा हनुवटीवर केस असलेली व्यक्ती."

"व्यक्ती ना? आणि मोजणीची बंदी आम्हा बायकांना नाही."

त्यांनी रुमालाची गाठ सोडली. तो रुमाल त्या नेहमी हनुवटीखालून घट्ट बांधायच्या. मला वाटायचं, म्हातारीला थंडी वाजते. हनुवटीवर पांढरे, राठ, चांगले बोटाच्या पेराएवढे केस. ओठावरही. बुलोरच्या हातातलं ताट तसंच राहिलं. लेकीलाही ठाऊक नव्हतं! "डोळे चांगले होते तोवर उपटायचे मी," सासूबाई म्हणाल्या. "आता दिसत नाही. बघताय काय सगळे? उद्या किती वाजता निघायचंय?"

नको म्हणावं तर खुर्ची जाते. हो म्हणावं तर या बाईला चारचौघांत... "आई, तिथे परकी माणसं असतील," मी म्हणालो.

"माणसं असतील हे कळतं मला. तुला उलटा फटकारा मारता येतो ना, तेवढं बघ."

सकाळी बसने निघालो. सगळी वाट सासूबाई रुमालाची गाठ धरून होत्या.

परीक्षेच्या हॉलमध्ये आठ खुर्च्या, सात पुरुष आणि आमच्या फ्रेखा आई. परीक्षक चष्मा लावलेली उंच बाई. तिने सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दारामागे पाहिलं. कुणीतरी यायचं राहिलंय असं तिला वाटलं असावं. मी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. तिने वाचलं, दुसऱ्या परीक्षकाला बोलावलं, दोघांनी पुन्हा वाचलं. मागे कुणीतरी हसलं. सासूबाईंनी मान ताठ ठेवून गाठ सोडली, रुमाल घडी करून मांडीवर ठेवला. मग कुणी हसलं नाही. परीक्षक बाईने घड्याळाकडे बोट केलं, सुरू करा.

डोक्यावरचे केस विरळ आणि मऊ होते, ते पटकन झाले. मग गरम टॉवेल, मग फेस. तेहतीस वर्षांत त्या चेहऱ्याला माझं बोट लागलं नव्हतं. वस्तरा उघडला आणि तसाच धरून उभा राहिलो. सैनिकांच्या दाढ्या केल्या, नवरदेवांच्या केल्या, मेलेल्यांच्याही केल्या, पण असा कधी अडलो नव्हतो. सुरकुतीत पातं अडकलं तर? रक्ताचा एक थेंब, आणि नापास.

"हिस्किया," फेसातून आवाज आला. "पाव समज."

नाव घेतलं! मला वाटलं मी चुकून ऐकलं. कातडी अंगठ्याने ताणली आणि पहिला फटकारा मारला. एक. दोन. तीन. हनुवटीखाली आलो, तिथे मान मागे झुकवावी लागते. त्यांनी आपणहून झुकवली. सात. आठ. गळ्यावर आलो. तिथे कातडीखाली शीर उडताना दिसत होती, आणि मी श्वास धरून दहावा फटकारा पुरा केला. तेवढ्यात घर्रर्र आवाज आला.

मी थांबलो. परीक्षक बाईही वाकून बघायला लागली. काय झालं ते दोघांनाही कळेना. तोंड किंचित उघडं, हात मांडीवरून घसरलेले. सासूबाई घोरत होत्या.

माझ्या हातचा चहा न पिणारी ही बाई माझ्या वस्तऱ्याखाली गळा उघडा टाकून झोपली होती. मला रडू आलं, खरं सांगतो. आठ खुर्च्यांच्या त्या हॉलमध्ये डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

परीक्षक बाईने कागदावर 'पास' लिहिलं, सही केली. मी खुणेनेच विचारलं, चार फटकारे राहिलेत, उठवू का यांना?

तिने ओठांवर बोट ठेवलं.