पोटमाळ्यावरच्या तिघी

मी या खोलीचा पोटमाळा बोलतोय. दबक्या आवाजात बोलतो, कारण मी जरा करकरलो की खाली सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

सुताराने मला भिंतीत ठोकलेल्या दोन लोखंडी कोनांवर बसवलं आणि बजावलं, "सामान ठेवा, माणसं नकोत." तेव्हा घरात तिघंच होती: बस चालवणारा घरधनी, शिवणकाम करणारी त्याची बायको आणि म्हातारी आई. भाडेकरारातही तिघंच. मग एकामागून एक तीन मुली झाल्या. खाली पाय पसरायला जागा उरेना, तशा पोरी माझ्या अंगावर निजू लागल्या. लहान होत्या तोवर ठीक होतं. थोरली तेरा वर्षांची झाली आणि कोनांपाशी भिंतीतून चुना पिठासारखा गळू लागला. रोज थोडा. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मला तोंड कुठलं?

बायकोला ते दिसलं. नवऱ्याला न सांगता तिने मोठ्या सरकारी घरासाठी अर्ज टाकला.

एके सकाळी त्या अर्जाची तपासणी करणाऱ्या बाई दारात उभ्या राहिल्या. बसवाल्याचं धाबं दणाणलं. जास्त माणसं कळली तर घरमालक बाहेर काढेल, ही त्याची धास्ती. त्याने तिन्ही पोरींना वर पिटाळलं. हूं की चूं करायचं नाही, अशी ताकीद दिली.

बाईंनी विचारलं, माणसं किती?

"तीन," तो म्हणाला.

माझा डावा कोन बोटभर सुटला. धाकटीने बहिणीचा हात घट्ट धरला, पण आवाज केला नाही.

"सहा आहोत बाई," बायको म्हणाली. "तिघी वर आहेत."

बाईंनी वर पाहिलं आणि वही मिटली. "आधी त्यांना खाली घ्या. एकेकीला. सावकाश."

बसवाल्याने हात वर केले आणि एकेकीला उतरवून घेतलं.

मग बाईंनी समजावलं. नाव यादीत वर जाईल, पण घराला काही महिने लागतील. तोवर गावाबाहेर तात्पुरती खोली मिळेल. तिथून पहाटेची बस काढायला वेळेत पोचता येणार नाही, नोकरी जाईल, म्हणून बसवाल्याने नकार दिला.

आता माझ्यावर कुणी झोपत नाही. पेट्या मात्र आहेत, त्यांना दुसरी जागा नाही. आणि पोरींनाही नाही. त्या तिघी बरोबर माझ्याखालीच झोपतात.

ज्यांच्या हाती ती यादी आहे त्यांनो, जरा घाई करा. मी धरून आहे, पण किती दिवस, ते मला ठाऊक नाही.