एकोणतीस पत्त्यांची फ्लॉपी

“कालिंदी, फाईलचा पत्ता एकाच जागी लिहीजो. जागोजागी लिहिशील तं घर बदलल्यावर कोणाकोणाले सांगत फिरशील?”

कालिंदीताईंना संगणक शिकवणाऱ्या मुकुंदसरांचा तो आवाज अजून कानी येतो. मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी आहे. ताईंच्या देवघराखालच्या कप्प्यात असते. मला वाचणारं संगणकाचं मशीन आता उरलं नाही.

१९८८ साली बालाघाटला ताईंनी मशीनमधली रक्तदात्यांची यादी माझ्यावर उतरवली आणि नावं शोधणारा प्रोग्रामही. खंडेनवमीला मशीनसोबत मलाही फूल मिळालं. हळदीकुंकू मात्र पाकिटाला. मला डाग सोसत नाही.

सरांचं सांगणं ताई विसरल्या. गावात मशीन एकच, म्हणून त्याच्या ‘सी’ नावाच्या खणापासून सुरू होणारा यादीचा पत्ता त्यांनी प्रोग्राममध्ये एकोणतीस ठिकाणी लिहिला.

पुढच्या उन्हाळ्यात ताईंनी मला मलाजखंडच्या खाणीवरल्या दवाखान्यात नेलं. तिथलं मशीन निराळं. त्याला ‘सी’ ठाऊक नाही, पत्त्यातली तिरपी रेघ उलटीकडे कललेली, लहानमोठी इंग्रजी अक्षरंही वेगळी मोजणारं. त्याच दिवशी प्रेमलाल नावाच्या मजुराला रक्त हवं होतं. मशीन म्हणालं, फाईल नाही. यादी माझ्या पोटात होती, मित्रांनो, पण मला बोलता येईना.

परिचारिका शांताबाई वस्तीत दारोदार फिरल्या. दुपार कलताना रक्त मिळालं. प्रेमलाल वाचला.

“तुमची पेटी तं मुकी निघाली, ताई,” शांताबाई दमून म्हणाल्या.

“चूक माही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याले येतो. तवा नाव सापडंल.”

बालाघाटला परतल्यावर सर ऐकून हसले. “काहून वं, उपासाच्या नेमात कधी चुकत नाहीस, अन् इथं एकोणतीस घरं मांडून ठेवली?”

ताईंनी श्रावणात आणखी एक नेम धरला. संध्याकाळी मशीन रिकामं झालं, की एक पत्ता पुसायचा आणि तिथे एवढंच लिहायचं, की पत्ता पहिल्या ओळीला विचार. पत्त्याची सुरुवात आणि रेघेचा कल, दोन्ही आता तिथेच. फाईलींची नावं सगळी लहान अक्षरांत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एकोणतिसावा पत्ता पुसला. ताईंनी यादी मुद्दाम दुसऱ्या जागी हलवली, वरची एकच ओळ बदलली. नावं भराभर उमटली. ताईंनी हात जोडले.

मित्रांनो, वस्तू जपता तसं तिच्यात लिहिलेलंही जपा. उद्या ते दुसऱ्याच्या दारी न्यायचं असतं.

पाडव्याच्या पहाटे ताईंनी दिवा लावला, मला कोरड्या पाकिटात घातलं, पिशवी छातीशी धरली आणि आवाज न करता दार ओढून त्या मलाजखंडच्या बसकडे निघाल्या.